क्लिक केल्यावर रंग बदलतो, पण परत जात नाही: स्टाइल स्क्रिप्टमधून कशी बदलावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डॅशबोर्डवर कार्डांची यादी आहे. कार्डावर क्लिक झालं की तुम्ही स्क्रिप्टमधून त्याची पार्श्वभूमी निळी आणि अक्षरं पांढरी करता, शिवाय मोजणी सोपी जावी म्हणून त्याला एक क्लासही (नावाची खूण) लावता. दुसरं कार्ड निवडलं की आधीच्या कार्डाला पांढरी पार्श्वभूमी आणि काळी अक्षरं लावता. तिथून पुढे त्या कार्डावर माउस नेला तरी हलकी छटा येत नाही. डार्क थीममध्ये ते पांढरंफटक राहतं. ‘सगळी निवड काढा’ हे बटण दाबलं की एकाआड एक कार्ड साफ होतं, उरलेली तशीच राहतात. आणि तपशिलाचं पॅनेल ट्रान्झिशन (हळूहळू होणारा बदल) लिहूनही एकदम धाडकन उघडतं. हे चार वेगळे घोळ आहेत की एकच, असं तुम्ही विचारलंय.

तीन आहेत. छटा जाणं आणि डार्क थीम बिघडणं हा एकच आजार. एकाआड एक कार्ड साफ होण्याचा स्टाइलशी काही संबंध नाही. पॅनेलचं कारण तिसरंच.

पहिल्या आजारापासून सुरू करतो, कारण मुळातली चूक तिथे आहे. एलिमेंटच्या ‘स्टाइल’ या प्रॉपर्टीत लिहिलं की ते थेट त्या टॅगच्या स्टाइल अ‍ॅट्रिब्यूटमध्ये जातं. स्टाइलशीटमधला (म्हणजे सीएसएसच्या फाइलमधला) सिलेक्टर, म्हणजे नियम कुणाला लागू ते सांगणारा भाग, कितीही वजनदार असो, त्यात दहा आयडी असोत, अ‍ॅट्रिब्यूटमधल्या नियमापुढे तो हरतो. अपवाद फक्त ‘इम्पॉर्टंट’ ही सक्तीची खूण लावलेल्या नियमांचा आणि चालू असलेल्या अ‍ॅनिमेशन-ट्रान्झिशनचा. माउस नेल्यावर छटा देणारा तुमचा नियम अजून शाबूत आहे, पण त्याच्या डोक्यावर तुम्ही पांढरा रंग बसवून ठेवलाय. डार्क थीमचा नियमही त्याच पांढऱ्याखाली दबलाय. तुमच्या मते तुम्ही रंग ‘परत’ केला. ब्राउझरच्या दृष्टीने तो परत केलेला नाही, नवा हुकूम दिलाय: काहीही झालं तरी पांढरं राहा.

खरोखर परत करायचं असेल तर त्या प्रॉपर्टीत रिकामी स्ट्रिंग घालायची किंवा ‘रिमूव्हप्रॉपर्टी’ वापरायची. मग अ‍ॅट्रिब्यूटमधली ओळ जाते आणि स्टाइलशीटचं राज्य पुन्हा सुरू होतं. आज रात्रीच काम द्यायचं असेल तर एवढं करा आणि झोपा. पण उद्या डिझायनर म्हणेल की निवडलेल्या कार्डाला कडाही हवी आणि सावलीही हवी. तेव्हा लावताना चार ओळी आणि काढताना चार ओळी लिहाव्या लागतील, आणि काढायची एक ओळ कधीतरी राहून जाईल.

मी स्वतः एक साधा नियम पाळतो: काय घडलंय ते स्क्रिप्टने सांगावं, ते कसं दिसावं हे स्टाइलशीटने ठरवावं. ‘हे कार्ड निवडलेलं आहे’ ही घटना झाली. निळा रंग हा तिचा अर्थ लावणं झालं. स्क्रिप्टच्या फाइलमध्ये रंगाचं नाव दिसलं की मी थांबून विचारतो, हे इथे कशाला आलं?

घटना सांगायला क्लास पुरतो. ‘क्लासलिस्ट’वर अ‍ॅड, रिमूव्ह, टॉगल, रिप्लेस आणि कंटेन्स मिळतात. यातल्या टॉगलचा दुसरा आर्ग्युमेंट फार जण वापरत नाहीत, आणि खरी गंमत त्यातच आहे. नुसतं टॉगल म्हणजे ‘असेल तर काढ, नसेल तर लाव’. एखादं क्लिक दोनदा नोंदलं गेलं की पडद्यावर उलटंच चित्र. दुसरा आर्ग्युमेंट म्हणून खरं किंवा खोटं दिलं की तो ‘या स्थितीप्रमाणे ठेव’ असा हुकूम होतो, आणि दहा वेळा चालवला तरी निकाल तोच येतो. माझ्या कोडमध्ये नुसतं टॉगल क्वचितच सापडेल.

क्लासपेक्षाही चांगली जागा बऱ्याचदा आरिया (पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला स्थिती सांगणाऱ्या) अ‍ॅट्रिब्यूटची असते. कार्ड बटणासारखं दाबलं-सोडलं जात असेल तर ‘आरिया-प्रेस्ड’, पॅनेल उघडणारं बटण असेल तर ‘आरिया-एक्सपांडेड’. स्टाइलशीटमध्ये सिलेक्टर त्याच अ‍ॅट्रिब्यूटवर लिहायचा. अ‍ॅट्रिब्यूट बदलायला विसरलात तर रंगही बदलत नाही, आणि चूक तुम्हाला लगेच दिसते. क्लास वेगळा आणि आरिया वेगळं ठेवलं, तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला कार्ड निवडलेलं नाही असं ऐकू येतं, पडद्यावर मात्र ते निळंशार असतं, आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. आरियाचं नाव मात्र मनाला येईल ते लावू नका. ‘आरिया-सिलेक्टेड’ टॅब, यादीतला पर्याय, तक्त्याची ओळ किंवा खाना अशा ठरावीक भूमिकांनाच चालतं, साध्या बटणाला नाही.

आता काही वेळा किंमत आधी माहीतच नसते. प्रगतीची पट्टी किती टक्के भरायची, बोटाने ओढलेलं कार्ड कुठे आहे, वापरकर्त्याने त्याच्या प्रकल्पाला कुठला रंग निवडलाय. यांसाठी क्लास कुठून आणणार? इथे कस्टम प्रॉपर्टी कामाला येते, म्हणजे दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं तुमचं स्वतःचं नाव. स्क्रिप्टने ‘सेटप्रॉपर्टी’ने त्यात फक्त किंमत ठेवायची. ती पट्टीच्या रुंदीत वापरायची, रंगाच्या गडदपणात, की दोन्हीकडे, हे स्टाइलशीटने बघावं.

माझी सवय अशी की स्क्रिप्टमधून नुसता आकडा पाठवायचा, शून्य ते एकमधला, आणि स्टाइलशीटमध्ये ‘कॅल्क’ने त्याला शंभर टक्क्यांनी गुणायचं. तोच आकडा उद्या गोल तबकडीचा कोन काढायला हवा झाला, तर स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही. आणखी एक: किंमत ज्याला लागते त्याच्या शक्य तितक्या जवळच्या एलिमेंटवर ठेवा. कस्टम प्रॉपर्टी वारशाने खाली उतरते. माउसच्या प्रत्येक हालचालीला तुम्ही मूळ एचटीएमएल टॅगवर किंमत बदलत राहिलात, तर ब्राउझरला खालच्या सगळ्या पसाऱ्याची स्टाइल पुन्हा तपासावी लागू शकते. एका कार्डासाठी अख्ख्या पानाला उठवू नये.

कस्टम प्रॉपर्टीच्या काही खोडी आहेत. साध्या प्रॉपर्टीसारखं ‘स्टाइल’वर थेट नाव लिहून किंमत दिली, तर कस्टम प्रॉपर्टीला काहीच होत नाही. ‘सेटप्रॉपर्टी’च वापरावं लागतं. नावात लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जातो. आणि तिसरी खोड माणसाला खरंच चक्रावून सोडते. रंगाच्या जागी तुम्ही ‘व्हार’ने ती प्रॉपर्टी मागवली आणि तिच्यात चुकून आकडा आला, तर ब्राउझर आधीच्या ओळीतल्या रंगाकडे परत वळत नाही. वाचताना त्याला ती ओळ बरोबरच वाटलेली असते, म्हणून आधीची ओळ त्याने तेव्हाच बाद केलेली असते. प्रत्यक्ष हिशेबाच्या वेळी किंमत निकामी निघते आणि अक्षरांना वरच्या एलिमेंटचा वारशाचा रंग मिळतो. ‘व्हार’मध्ये दिलेली पर्यायी किंमतही इथे वाचवत नाही. ती प्रॉपर्टी अजिबात नसेल तेव्हाच तिचा उपयोग. यावर उपाय ‘अ‍ॅट-प्रॉपर्टी’चा: ही किंमत रंगच असली पाहिजे, नसेल तर अमुक धरा, असं आधीच नोंदवून ठेवायचं. जुलै २०२४ मध्ये फायरफॉक्स १२८ आल्यापासून ही सोय सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे. तिचा दुसरा फायदा असा की नोंदवलेल्या प्रॉपर्टीवर ट्रान्झिशन चालतं. न नोंदवलेली किंमत ब्राउझरला नुसता मजकूर दिसते, आणि दोन मजकुरांच्या मधलं काय, हे तो कसं सांगणार?

बिफोर आणि आफ्टर या छद्म-एलिमेंटांचा (स्टाइलशीटने एलिमेंटच्या आत आधी-नंतर जोडलेल्या तुकड्यांचा) प्रश्नही इथेच सुटतो. ती डॉममध्ये, म्हणजे पानाच्या एलिमेंटांच्या झाडात, नसतातच, त्यामुळे ‘क्वेरीसिलेक्टर’ने शोधून काही मिळत नाही. मालक एलिमेंटवर कस्टम प्रॉपर्टी ठेवली की वारशाने ती त्यांच्यापर्यंत पोहोचते. शॅडो डॉमच्या (स्वतःच्या स्टाइलसह वेगळ्या ठेवलेल्या भागाच्या) भिंतीपलीकडेही ती अशीच जाते.

वापरकर्त्याने निवडलेला रंग लावताना स्टाइल टॅगचा मजकूर स्ट्रिंगा जोडून बनवू नका. रंगाच्या जागी कुणी महिरपी कंस आणि स्वतःचे नियम टाकले तर ते तुमच्या पानावर लागू होतील. ‘सेटप्रॉपर्टी’त एकाच प्रॉपर्टीची किंमत जाते, तिथून बाहेर उडी मारता येत नाही. ‘सीएसएस डॉट सपोर्ट्स’ने आधी विचारून घ्या की हा रंग आहे का. आणि पार्श्वभूमी वापरकर्ता ठरवणार असेल तर अक्षरांचा रंग तुम्हाला हिशेबाने ठरवावा लागेल. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शिकेच्या ‘एए’ पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं मी प्रत्यक्ष चालू अ‍ॅपमध्ये पाहिली आहेत.

लिहिण्याबद्दल एवढं झालं, आता वाचण्याबद्दल. तुमच्या कोडमध्ये एक अट दिसली: पार्श्वभूमी निळी असेल तर कार्ड निवडलेलं धरायचं. ही अट काढूनच टाका. ‘स्टाइल’मध्ये फक्त अ‍ॅट्रिब्यूटमधलं सापडतं. स्टाइलशीटने दिलेली रुंदी तिथे रिकामी दिसते. ‘गेटकॉम्प्युटेडस्टाइल’ने अंतिम किंमत मिळते, पण तुम्ही लिहिलेल्या रूपात नाही. ‘ब्लू’ असं लिहिलं असलं तरी उत्तर आरजीबीच्या तीन आकड्यांत येतं, आणि तुलना कायम फसते. दिसण्यावरून स्थिती ओळखणं म्हणजे कपड्यांवरून माणूस ओळखणं. अ‍ॅट्रिब्यूटला विचारा, नाहीतर तुमच्या डेटाला.

आणि स्क्रिप्टमधून स्टाइल लिहिताना ब्राउझर चुका पोटात घालतो, तक्रार करत नाही. रुंदीला एककाशिवाय २०० दिलं, दुर्लक्ष. जेक्वेरी या जुन्या स्क्रिप्ट-लायब्ररीचं ‘सीएसएस’ फंक्शन नुसत्या आकड्याला स्वतःहून पिक्सेल जोडायचं, म्हणून तिथून आलेले लोक इथे हमखास अडखळतात. किंमतीच्या शेवटी ‘इम्पॉर्टंट’ लिहिलं तर अख्खी किंमतच बाद. ते ‘सेटप्रॉपर्टी’च्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये द्यायचं असतं, उद्गारचिन्ह न लावता. कन्सोल मात्र शांत. ‘ओळ चालली तरी काही होत नाही’ असं वाटलं की लगेच तीच प्रॉपर्टी परत वाचून पाहा. आधीचीच किंमत दिसली तर ब्राउझरने तुमची नाकारली. तुमचीच दिसतेय आणि तरी परिणाम नाही, तर कुठलं तरी अ‍ॅनिमेशन ‘फॉरवर्ड्‌स’वर अडकलंय का ते तपासा. संपल्यावरही ते किंमत धरून बसतं, आणि अ‍ॅट्रिब्यूटवर मात करतं.

एकाआड एक कार्डाचं कोडं आता. तुम्ही ‘गेटएलिमेंट्‌सबायक्लासनेम’ने यादी घेता, तिच्यावरून लूप फिरवता आणि आत तोच क्लास काढता. ही यादी जिवंत असते. शून्याव्या कार्डाचा क्लास काढला की ते यादीतून गळतं, पहिलं कार्ड शून्याच्या जागी सरकतं, आणि तुमचा लूप तोवर एकवर गेलेला असतो. सरकलेलं कार्ड सुटलं. ‘क्वेरीसिलेक्टरऑल’ची यादी घेतल्या क्षणी गोठते, ती घ्या. छोटासा बदल आहे, फक्त क्लासच्या नावाआधी टिंब लावायला विसरू नका. हा बग मी इतक्यांदा पाहिलाय की ‘एकाआड एक’ हे शब्द ऐकले की कोड न बघताच सांगतो.

पॅनेलचं प्रकरण जरा खोल आहे. तुम्ही पॅनेल ‘डिस्प्ले नन’मधून (पूर्ण लपलेल्या अवस्थेतून) बाहेर काढता आणि लगेच पुढच्या ओळीत उघडल्याचा क्लास लावता. तुमच्या दोन ओळी ब्राउझरला दोन प्रसंग म्हणून दिसत नाहीत. स्क्रिप्ट चालू असताना तो स्टाइलचा हिशेब करत बसत नाही, शेवटी एकदाच करतो. त्याला दिसतं ते एवढंच: मघाशी पॅनेल नव्हतं, आता आहे आणि पूर्ण उघडं आहे. सुरुवातीची अवस्था त्याने पाहिलीच नाही, मग ट्रान्झिशन कुठून कुठे करणार?

जुना तोडगा म्हणजे दोन ओळींच्या मध्ये ‘ऑफसेटहाइट’ वाचणं. उंची सांगायची तर ब्राउझरला तिथेच हिशेब करावा लागतो, आणि सुरुवातीची अवस्था त्याच्या नजरेखालून जाते. चालतं, पण पुढचा माणूस ‘ही ओळ कशाला’ म्हणून उडवतो, तेव्हा शेजारी टीप लिहून ठेवा. ‘रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम’ एकदाच वापरून बऱ्याचदा भागत नाही, कारण त्यातलं काम त्या फ्रेमच्या हिशेबाच्या आधीच चालतं. म्हणून लोक एकात एक असे दोन घालतात. डॉममध्ये नव्याने घातलेल्या एलिमेंटसाठी आता ‘अ‍ॅट-स्टार्टिंग-स्टाइल’ आहे. सुरुवात कुठून धरायची ते स्टाइलशीटमध्येच लिहायचं, स्क्रिप्टची कसरत नको. ऑगस्ट २०२४ पासून ती क्रोम, सफारी, फायरफॉक्स तिन्हींत आहे.

तुमच्या पॅनेलला मात्र मी ‘डिस्प्ले नन’ ठेवणारच नाही. उंची शून्यावरून ‘ऑटो’पर्यंत नेणारं ट्रान्झिशन साध्या मार्गाने होत नाही, हा आणखी एक खड्डा वाटेत आहेच. त्याऐवजी बाहेरच्या डब्याला ग्रिड करा, त्याची एकुलती ओळ बंद असताना ‘शून्य एफआर’ (एफआर म्हणजे उरलेल्या जागेचा वाटा) आणि उघडी असताना ‘एक एफआर’ ठेवा, आतल्या डब्याची किमान उंची शून्य करून त्याला ‘ओव्हरफ्लो हिडन’ द्या, आणि ट्रान्झिशन ग्रिडच्या ओळींवर लावा. मजकूर किती लांब आहे हे मोजायची गरज उरत नाही. बंद अवस्थेत आतल्या डब्याला ‘व्हिजिबिलिटी हिडन’ही द्या आणि ती प्रॉपर्टी ट्रान्झिशनच्या यादीत घ्या, नाहीतर टॅब दाबणारा माणूस न दिसणाऱ्या बटणांत हरवतो.

पुढचं काही काम ट्रान्झिशन संपण्यावर टांगू नका. ‘ट्रान्झिशनएंड’ हा इव्हेंट प्रत्येक प्रॉपर्टीसाठी वेगळा येतो, मुलांकडून वर बुडबुडत येतो, आणि मध्येच एलिमेंट लपवलं तर येतच नाही. ज्यांनी सिस्टिममध्ये हालचाल कमी ठेवायची निवड केलीय, त्यांच्यासाठी तुम्ही ट्रान्झिशन बंद केलंत, आणि ते करायलाच हवं, तर तिथेही येत नाही. एका कामात पॉपअप बंद झाल्यावर फोकस परत नेण्याचं काम मी या इव्हेंटवर टाकलं होतं. नेमकं हालचाल बंद ठेवणाऱ्यांचं पान अडकून पडायचं. माझ्या मशीनवर सगळं छान चाललं होतं, अर्थातच. स्क्रिप्टमधून अ‍ॅनिमेशन चालवणं भागच असेल तर एलिमेंटवरचं ‘अ‍ॅनिमेट’ वापरा. ते एक ऑब्जेक्ट देतं, त्याच्यावर ‘संपलं’ असं नंतर कळवणारा प्रॉमिस असतो, आणि अ‍ॅनिमेशन रद्द झालं तर तो नाकारला जातो, म्हणजे तुम्हाला कळतं तरी.

तुमच्या लूपमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक कार्डाची उंची वाचता, लगेच त्याच कार्डाला नवी उंची देता, मग पुढचं कार्ड. वर ‘ऑफसेटहाइट’ वाचण्याची जी युक्ती सांगितली तीच इथे शाप ठरते. दर लिखाणानंतरचं वाचन ब्राउझरला लेआउट नव्याने मांडायला लावतं. सेकंदाला ६० फ्रेमचा पडदा धरला तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि दोनशे कार्डांचे दोनशे लेआउट त्यात बसणं अवघड. आधी सगळ्यांची उंची वाचून घ्या, मग सगळ्यांना लिहा. खरं तर ग्रिडमध्ये एका रांगेतली कार्डं आपोआप समान उंचीची होतात, तेव्हा हा लूपच लागणार नाही. सतत हलणाऱ्या गोष्टींसाठी डावी-वरची जागा बदलण्याऐवजी ‘ट्रान्सफॉर्म’ आणि ‘ओपॅसिटी’ वापरा. त्यांना लेआउटची गरज पडत नाही.

थीमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण डार्क थीमचा उल्लेख आलाय म्हणून. एचटीएमएल टॅगवर एक डेटा अ‍ॅट्रिब्यूट, आणि सगळे रंग कस्टम प्रॉपर्टींत. तो अ‍ॅट्रिब्यूट लावणारी चार ओळींची स्क्रिप्ट हेडमध्येच ठेवा, डिफर (उशिरा चालवणं) न करता, नाहीतर पान आधी पांढरं चमकतं आणि मग काळं होतं. ‘लोकलस्टोरेज’ वाचताना ट्राय-कॅच हवाच. साठवण बंद केलेल्या ब्राउझरात नुसतं वाचायला गेलं तरी एरर येऊ शकतो. ‘कलर-स्कीम’ लावायलाही विसरू नका, त्याशिवाय स्क्रोलबार आणि इनपुटं उजेडातच राहतात.

रिअ‍ॅक्ट या स्क्रिप्ट-लायब्ररीत असाल तर डॉमवर हाताने क्लास लावू नका. ‘क्लासनेम’ची स्ट्रिंग बदलली की रिअ‍ॅक्ट अख्खी नवी लिहितो आणि तुमचा क्लास पुसला जातो, तोही कधीकधीच, म्हणून शोधायला जास्त त्रास. टेलविंड या तयार क्लासांच्या सीएसएस-संचात क्लासचं नाव तुकडे जोडून बनवू नका. बिल्डच्या वेळी तो फाइलींत पूर्ण शब्द शोधतो, जोडून होणारं नाव त्याला दिसत नाही, आणि तो नियम तयारच होत नाही. सर्व्हरने सीएसपीचं (पानावर कुठली स्क्रिप्ट-स्टाइल चालू द्यायची त्याचं) कडक धोरण लावलं असेल तर ‘सेटअ‍ॅट्रिब्यूट’ने लिहिलेली स्टाइल अडवली जाते, ‘सेटप्रॉपर्टी’ने लिहिलेली जाऊ दिली जाते.

तुमच्या कोडला हात घालताना आधी ‘क्वेरीसिलेक्टरऑल’चा बदल करा, पाच मिनिटांचं काम आहे. मग स्क्रिप्टच्या फाइलमध्ये ‘स्टाइल’ हा शब्द शोधा. जिथे रंग, कडा किंवा सावली आहे तिथे अ‍ॅट्रिब्यूट लावून नियम स्टाइलशीटमध्ये हलवा. जिथे मोजलेला आकडा आहे तिथे कस्टम प्रॉपर्टी ठेवा. जिथे डिस्प्ले नन आहे तिथे ‘हिडन’ अ‍ॅट्रिब्यूट चालेल, पण त्याच एलिमेंटला स्टाइलशीटमध्ये ‘डिस्प्ले फ्लेक्स’ दिलेलं असेल तर ‘हिडन’ लावूनही ते दिसतच राहील. ब्राउझरचा स्वतःचा नियम तुमच्या नियमापुढे हरतो. हिडन असलेल्यांसाठी ‘डिस्प्ले नन इम्पॉर्टंट’ अशी एक ओळ स्टाइलशीटच्या सुरुवातीला टाकून ठेवा. ‘इम्पॉर्टंट’ मी बिनदिक्कत लिहितो अशी ती एकच जागा.